तिसरं भोक रिकामं ठेवून चालणार नाही

“साठ वर्षं याच वायरिंगवर घर चाललंय. आजवर कुणाला काही झालं का?” गिरगाव-लालबागच्या चाळींत, पुण्याच्या पेठांमधल्या उरल्यासुरल्या वाड्यांत किंवा १९६०-७० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या सोसायट्यांत अर्थिंगचा विषय काढला, की हे उत्तर ठरलेलं असतं. त्याच्या पाठोपाठ बाकीची येतात. एमसीबी बसवलाय ना, मग झालं. सॉकेट केव्हाच तीन पिनी करून घेतलेत. आणि इमारत पुनर्विकासाला जाणारच आहे, आता कशाला भिंती फोडायच्या? ही उत्तरं देणारी माणसं बेफिकीर नसतात, त्यांना ती मनापासून पटलेली असतात. म्हणूनच ती एकेक करून खोडून काढावीत असं मला वाटतं. विजेच्या हिशेबात यातलं एकही उत्तर टिकत नाही. आणि ते चुकलं तर त्याची झळ सभेत उत्तर देणाऱ्याला बसत नाही. ओल्या हातांनी मोरीत उभं राहून मशीनमधले कपडे काढणाऱ्या बाईला बसते, जमिनीवर बसून चार्जरच्या वायरीशी खेळणाऱ्या पोराला बसते.

आधी ती साठ वर्षं पाहू. त्या काळच्या दोन खोल्यांत होतं काय? दोन-तीन बल्ब, छताला एक पंखा, एखादा व्हॉल्व्हचा रेडिओ, फार तर एक इस्त्री. तारा सागवानी केसिंग-केपिंगमधून किंवा भिंतीवर ठोकलेल्या लाकडी पट्टीवरून नेलेल्या. त्यांच्यावर रबराचं आवरण आणि वरून सुती वेष्टण. तारा दोनच, फेज आणि न्यूट्रल. सॉकेट दोन पिनी, ५ अँपिअरचं. बल्ब बॅकेलाइटच्या होल्डरमध्ये, पंखा हाताला न लागणाऱ्या उंचीवर. बऱ्याच इमारतींत मजल्याची जमीन लाकडी तुळयांवरची, कोरडी. अंगातून वीज वाहायची तर तिला धरायला धातू लागतो आणि उतरायला वाट लागते. त्या घरात दोन्ही दुर्मीळ होती.

आज त्याच दोन खोल्यांत फ्रिज आहे, वॉशिंग मशीन आहे, गीझर आहे, ओव्हन आहे, कुणाकडे एसी आहे. या सगळ्यांचं अंग पत्र्याचं. २ किलोवॅटचा गीझर जवळपास ९ अँपिअर ओढतो, ३ किलोवॅटचा १३. आणि ते कधीकाळी बल्ब-पंख्यासाठी टाकलेल्या तीन-बावीसच्या तारेवर. त्या तारेचं रबर वाळून इतकं ठिसूळ झालेलं असतं, की बोर्ड उघडून तार नुसती वाकवली तरी ते भुग्यासारखं गळतं. लाकडी जमिनीच्या जागी सिमेंटचा स्लॅब आणि फरशी आली. मोरीत ओल असते आणि मोरीला खेटूनच मशीन असतं, कारण पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची वाट तिथेच. म्हणजे साठ वर्षं काही झालं नाही हा पुरावा ज्या घराचा आहे ते घर आता उरलेलंच नाही. तारा मात्र त्याच आहेत.

आणि खरंच काही झालं नाही का? हा प्रश्न सभेत न विचारता स्वयंपाकघरात विचारा. “फ्रिजचं हँडल धरलं की झिणझिण्या येतात,” “मशीन लावताना चपला घालायच्या, असं सासूबाईंनी सांगून ठेवलंय,” “गीझर बंद करूनच आंघोळीला जायचं.” घरातल्या घरात, स्वतःच्या ओट्यापाशी रबरी चपला घालून वावरायचा नियम ज्या कुटुंबाने केला आहे, त्या कुटुंबाला धोका कळलेला आहे. त्याला धोका म्हणायचं नाही, एवढंच ठरलेलं आहे.

झिणझिण्या दोन प्रकारच्या असतात, हेही सांगायला हवं. डेस्कटॉप संगणकाच्या किंवा तशाच उपकरणाच्या वीजपुरवठ्यात विद्युत गोंगाट गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून उपकरणाच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांच्यातून झिरपणारा किंचित प्रवाह निमूटपणे जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि त्यावर निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टचा दाब दिसतो. प्रवाह मिलिअँपिअरच्याही अंशात, त्यामुळे चटका बसतो पण जीव जात नाही. दुसरा प्रकार आतलं आवरण फाटून फेजची तार पत्र्याला टेकल्याचा किंवा गीझरच्या कॉइलमध्ये पाणी शिरल्याचा. तिथे जीव जातो. पहिल्या स्पर्शात, विशेषतः कोरड्या हाताला, हे दोन प्रकार वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून “अहो, ते नेहमीचंच आहे” हे वाक्य मला सगळ्यात भयंकर वाटतं.

अर्थिंग नेमकं काय करतं? गीझरची कॉइल फुटली आणि फेज टाकीच्या पत्र्यावर आली असं धरा. टाकीला अर्थची तार असेल तर प्रवाहाला त्याच क्षणी वाट मिळते, बिघाड लगेच उघड होतो. तार नसेल तर काहीच घडत नाही. दिवा लागलेला असतो, पाणी तापत असतं, फ्यूज शाबूत असतो. २३० व्होल्ट टाकीवर, पितळी कॉकवर, शॉवरच्या धातूच्या नळीवर थांबून राहतात, दिवसभर, आठवडाभर. मग कुणीतरी ओल्या अंगाने नळ फिरवतं आणि बिघाडाची पहिली खबर त्या हाताला मिळते. बिघाड कुठल्याही घरात होतो, नव्या घरातही. जुन्या, अर्थ नसलेल्या घरात तो लपून राहतो.

आता एमसीबी. हे उत्तर मला सुशिक्षित घरांतून सर्वांत जास्त मिळतं. किटकॅट फ्यूज काढले, नवा डीबी, म्हणजे वितरण बोर्ड, लावला, आता घर सुरक्षित झालं. एमसीबी चांगली वस्तू आहे, जुन्या तारांना तर तिची फार गरज आहे. पण तिची नेमणूक तार जळू नये यासाठी आहे, माणूस वाचवण्यासाठी नाही. आकडेच पाहू. सुमारे १ मिलिअँपिअरला शॉक जाणवतो. १० च्या आसपास हाताचे स्नायू असे आवळतात, की धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या वरचा प्रवाह छातीतून काही क्षण टिकला तर हृदयाची लय विस्कटण्याचा धोका सुरू होतो. ओल्या अंगाचा रोध १००० ओहम धरला तर २३० व्होल्टला अंगातून २३० मिलिअँपिअर वाहतात. आणि १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपिअरपर्यंत शांत बसणारं यंत्र. माणूस पत्र्याला चिकटून मरेपर्यंत त्याला काहीही खटकत नाही. त्याच्या लेखी तो एक छोटासा बल्ब असतो.

यापेक्षा घातक सवय म्हणजे बोर्डावरचं दोन पिनी सॉकेट काढून त्या जागी तीन पिनी लावायचं आणि वरचं मोठं भोक मागे रिकामं सोडायचं. तीन पिनी प्लगमधली अर्थची पिन बाकी दोघींपेक्षा लांब आणि जाड असते, ती आधी लागावी आणि शेवटी सुटावी म्हणून. फेज येण्याआधी उपकरणाचा पत्रा जमिनीशी जोडला जावा ही त्यामागची योजना. रिकाम्या भोकात शिरलेली ती पिन कशालाच टेकत नाही. पण बघणाऱ्याला वाटतं की इथे अर्थिंग आहे. भाडेकरू बदलतो, सून नवी येते, पोरगं मोठं होतं, आणि ते सॉकेट सगळ्यांना खोटं सांगत राहतं. दोन पिनी जुनं सॉकेट निदान खरं बोलत होतं: इथे इस्त्री लावू नका, इथे मशीन लावू नका. मोबाइलचा चार्जर, चौकोनात चौकोन अशी खूण असलेली दुहेरी आवरणाची उपकरणं त्यावर बिनधास्त चालतात, त्यांना अर्थ लागतच नाही. दोन पिनी सॉकेट गुन्हेगार नाही, तिसऱ्या भोकाचा देखावा गुन्हेगार आहे.

देखावा तिथेच थांबत नाही. “वॉशिंग मशीन करंट मारतंय” अशी तक्रार गेली की काही वायरमन सॉकेटच्या मागे तारेचा एक बोटभर तुकडा घेतात आणि अर्थचं टर्मिनल न्यूट्रलला जोडून देतात. झिणझिण्या बंद. गिऱ्हाईक खूश. टेस्टर पत्र्यावर पेटत नाही, फेज आणि अर्थच्या मध्ये लावलेला बल्ब झळझळीत लागतो, म्हणजे प्रचलित सगळ्या चाचण्यांत हे सॉकेट पास होतं. आणि आता ते खरोखर जीवघेणं झालेलं असतं. न्यूट्रल ही वापरात असलेली तार आहे, तिच्यातून प्रवाह परत जात असतो. ती मीटरकडे जाताना कुठेही तुटली, एखाद्या कनेक्टरमध्ये सैल झाली, तर चालू उपकरणातून आलेला फेज परत जाऊ शकत नाही. तो त्या तुकड्यातून थेट पत्र्यावर येतो. जुन्या घरांत तर फेजला एक आणि न्यूट्रलला एक अशा किटकॅटच्या जोड्या अजून सापडतात. न्यूट्रलमध्ये फ्यूज घालू नये हे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून सांगितलं जात आहे, तरीही. त्या जोडीतला न्यूट्रलचा फ्यूज उडाला की घरातले दिवे जातात. बाई म्हणते, लाइट गेली. आणि अंधारात मशीनचं झाकण उघडायला जाते, तेव्हा त्या झाकणावर २३० व्होल्ट असतात. बोर्ड दुरुस्त करताना फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली तर न्यूट्रल तुटायचीही गरज नाही.

नळाला अर्थिंग करणं हा याचाच दुसरा अवतार. एके काळी इमारतीचे सगळे नळ जीआय पाइपचे होते आणि ते जमिनीत जात होते, त्यामुळे हा जुगाड थोडाफार चालून गेला. आता मधल्या मजल्यावरच्या एकाने आपल्या खोलीपुरता पाइप बदलून प्लास्टिकचा घातला की वरच्या सगळ्यांची जमीन तुटते. वरती एका घरात बिघाड झाला की शेजारच्या तीन घरांचे नळ करंट मारतात, आणि त्या तीन घरांना कारण शोधूनही सापडत नाही.

इथे मी वायरमनला खलनायक ठरवायला बसलेलो नाही. त्याला बोलावून सांगितलेलं असतं, “भिंत फोडायची नाही, आजच्या आज शॉक बंद कर.” त्याने तेवढं करून दिलं. मागणीच चुकीची होती.

मग करायचं काय? उत्तर सोपं आहे आणि त्यावरच सर्वांत जास्त गैरसमज पसरलेले आहेत. पहिलं पाऊल आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरचा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा त्याच्या आतल्या एका कड्यातून जातात. जेवढा प्रवाह गेला तेवढाच परत आला तर तो गप्प राहतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे प्रवाह कुणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून दुसरीकडे चालला, की तो दोन्ही तारा तोडतो. मघाशी हिशेब केलेले २३० मिलिअँपिअर वाहू लागले तर मानकाप्रमाणे त्याने ४० मिलिसेकंदांच्या आत तोडायला हवं. झटका बसतो, पण मूठ सुटते आणि हृदय चालू राहतं. दोन पोलचा चांगला आरसीसीबी एका बऱ्यापैकी मिक्सरपेक्षा स्वस्त पडतो.

यावर जाणकार म्हणवणारे लोक सांगतात, “अर्थिंग नसेल तर ईएलसीबी चालतच नाही, पैसे वाया.” हे साफ चूक आहे, पण त्याला एक इतिहास आहे. जुने ईएलसीबी दाबावर चालणारे होते. उपकरणाचा पत्रा आणि जमिनीतला खड्डा यांच्यामधल्या तारेत त्यांची कॉइल असे. ती तार नसेल तर ते खरोखरच निकामी. आजचा आरसीसीबी प्रवाहातला फरक मोजतो, त्याला अर्थची तार जोडावीही लागत नाही. त्याचं चाचणीचं बटणसुद्धा अर्थशिवाय चालतं. महिन्यातून एकदा दाबून पाहा, खटका पडतो.

अमेरिकेने हा प्रश्न कसा हाताळला ते पाहण्यासारखं आहे. तिथे १९६२ च्या विद्युत संहितेने नव्या घरांत अर्थची जोडणी असलेली सॉकेटं सक्तीची केली, म्हणजे त्याआधीच्या लाखो घरांत दोन तारांचंच वायरिंग राहिलं. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले चार्ल्स डाल्झील यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून हात कधी सुटत नाही ते मोजलं होतं: पुरुषांत सरासरी १६ मिलिअँपिअर, स्त्रियांत साडेदहा. १९६१ मध्ये त्यांनी गळती ओळखून वीज तोडणारं यंत्र पुढे आणलं. आज तिथली संहिता म्हणते, जुन्या घरात अर्थची तार नसेल तर एक तर दोन पिनी सॉकेटच ठेवा, नाहीतर अशा यंत्राच्या संरक्षणाखाली तीन पिनी बसवा आणि त्यावर ‘इथे उपकरणासाठी अर्थ नाही’ अशी चिठ्ठी चिकटवा. त्या चिठ्ठीचं मला फार मोल वाटतं. आपल्याकडे असं एकही सॉकेट मी पाहिलेलं नाही, आणि ही चिठ्ठी चिकटवायला तर खर्चही येत नाही.

“पावसाळ्यात सारखा ट्रिप होतो हो, शेवटी काढून टाकला.” ही तक्रार खरी आहे आणि तिला उत्तर द्यायला हवं. जुलैत भिंती ओल धरतात, वाळलेल्या रबरातून प्रवाह भिंतीत झिरपतो आणि आरसीसीबी पडतो. दुसरं कारण त्याहून नेहमीचं: जुन्या वायरिंगमध्ये तार वाचवण्यासाठी एका खोलीच्या दिव्याचा न्यूट्रल दुसऱ्या खोलीच्या सर्किटमधून, कधी शेजारच्या घरातूनही उसना घेतलेला असतो. मग गेलेला प्रवाह आणि परतलेला प्रवाह जुळतच नाहीत. दोन्ही वेळेला आरसीसीबी खरं सांगत असतो. वायरमनला मेगर घेऊन यायला सांगा, प्रत्येक सर्किटचा इन्सुलेशन रोध मोजून कागदावर लिहून मागा, उसना न्यूट्रल शोधून सोडवा. सगळं घर अंधारात जायला नको असेल तर मोरी आणि गीझरला वेगळा आरसीसीबी द्या, दिव्यांना वेगळा. पडतो म्हणून त्याला बायपास करणाऱ्याने निदान घरातल्या सगळ्यांना तसं सांगून टाकावं.

आरसीसीबीच्याही मर्यादा आहेत. एक हात फेजवर आणि दुसरा न्यूट्रलवर पडला तर त्याला फरक दिसत नाही, तो तोडणार नाही. अर्थशिवाय तो बिघाड आधीच उघडा पाडत नाही, हात लागल्यावरच तोडतो. म्हणून दुसरं पाऊल अर्थची तार, तीही सगळ्या घराला एकदम नाही तर गीझर, मशीन आणि फ्रिज या तिघांना आधी. प्लास्टिकच्या केसिंग पट्टीतून भिंतीवरून नवी तार नेता येते, छिन्नी लावावी लागत नाही.

नुसत्या अर्थिंगवर विसंबणाऱ्यांनाही सांगतो. आवारात खड्डा खणून मीठ-कोळसा भरला आणि त्याचा रोध ५ ओहम आला असं धरा. २३० ला ५ ने भागलं की ४६ अँपिअर. घरांत सर्रास असणारा सी वर्गाचा १६ अँपिअरचा एमसीबी तत्काळ पडायला किमान ८० अँपिअर लागतात. म्हणजे चांगला खड्डा असूनही तो रेंगाळतो, आणि तेवढा वेळ पत्रा जिवंत असतो. खड्डा आणि आरसीसीबी ही एकमेकांच्या बदल्यात घ्यायची औषधं नाहीत.

राहिला पुनर्विकास. पागडीच्या घरांत हा मुद्दा बिनतोड समजला जातो: मालक म्हणतो भाडं काय देता, भाडेकरू म्हणतो इमारत तुमची. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने दुरुस्तीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. त्याने केली नाही तर नोटीस देऊन भाडेकरूने करावी आणि भाड्यातून वळती करावी अशी सोयही आहे, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. जुन्या भाड्याच्या चौथ्या हिश्शात एक बटणही येत नाही, हे मान्य. पुनर्विकासाच्या वाटाघाटी किती वर्षं रेंगाळतात हेही मुंबईत कुणाला सांगायला नको. तेवढ्या वर्षांतला प्रत्येक पावसाळा त्याच तारांवर काढायचा आहे. आणि आरसीसीबी भिंतीत पुरलेला नसतो. दोन स्क्रू काढले की तो डीबीसकट संक्रमण शिबिरात नेता येतो, तिथून नव्या घरात. पुनर्विकास होणार असेल तर आरसीसीबी आजच घ्यावा, कारण तो फुकट जाणारा खर्चच नाही.

“कायद्याने सक्ती कुठे आहे?” असंही विचारलं जातं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांनी घरगुती जोडणीला ३० मिलिअँपिअरचं गळतीसंरक्षण सांगितलं आणि त्याच वाक्यात ५ किलोवॅटच्या आतल्या जोडण्यांना सूट दिली. चाळीतली खोली त्या सुटीत अलगद बसत होती. जिथे वायरिंग सर्वांत जुनं आणि मोरी सर्वांत जवळ, तिथेच सूट. हा नियम लिहिताना झालेला अन्याय आहे, ती खोली सुरक्षित असल्याचा दाखला नाही. पण त्याच नियमांत, आणि त्याआधी १९५६ च्या नियमांतही, ग्राहकाच्या बाजूचं एक कलम आहे, जे फार थोड्यांना माहीत असतं. वीजपुरवठादाराने ग्राहकाच्या जागेत, जोडणी सुरू होते तिथे, हात पोहोचेल असं अर्थचं टर्मिनल द्यायचं आणि ते चांगल्या स्थितीत राखायचं आहे. मीटरच्या फळीवर जाऊन पाहा, ते आहे का. असलं तर गंजून तुटलेलं नाही ना. नसेल तर वीज देणाऱ्या कंपनीकडे लेखी अर्ज करा, सगळ्या बिऱ्हाडांच्या ग्राहक क्रमांकांसह एकच, आणि पोच घ्या.